टॅपेट गप्प झाला तेव्हा: एका विलिस जीपच्या इंजिनाचं प्रकरण

२०२४ च्या जानेवारीत मामांचा फोन आला. "जीप पन्हाळ्याचा घाट चढंना झालीय. दुसऱ्यात चढायची, आता पहिला टाकावा लागतोय. गॅरेजवाला म्हणतोय इंजिन संपलं, फुल काम काढावं लागंल, एक लाख चाळीस हजार. तू मेकॅनिकलचा ना? मग सांग, हे इंजिन चालतं तरी किती?"

मेकॅनिकलची पदवी माझ्याकडे आहे, पण गेली अठरा वर्षं पुण्यात संगणकासमोर बसून नोकरी चालली आहे. उत्तर मला येत नव्हतं. शनिवारी कोल्हापूरला गेलो आणि पुढचे पाच महिने जमेल तसा जात राहिलो. त्या प्रश्नाचं या एका जीपपुरतं काय झालं, ते लिहून ठेवतो आहे.

जीप दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी. आजोबांनी लष्कराच्या लिलावातून आलेली जुनी गाडी घेतली, तेव्हापासून ती ऊस, खत, पाहुणे आणि दोन लग्नांच्या वराती वाहते आहे. आपल्याकडे कुठल्याही जुन्या जीपला विलिस म्हणायची पद्धत आहे. पण महिंद्राने नंतर वर्षानुवर्षं बनवलेल्या उंच बॉनेटच्या सीजे-३बी मध्ये हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि धूर बाहेर टाकणारा खाली ब्लॉकमध्ये. मामांच्या जीपमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह खाली, सिलिंडरच्या शेजारी उभे. व्हॉल्व्हना वर ढकलणारा फिरता उंचवटा, म्हणजे कॅम, त्यांच्या थेट खाली. हेड म्हणजे नुसतं झाकण, जाड तव्यासारखं. याला आपले मिस्त्री साइड-व्हॉल्व्ह म्हणतात, अमेरिकेत फ्लॅटहेड. हिंदुस्थान लँडमास्टर आणि अगदी सुरुवातीच्या ॲम्बॅसडरमध्येही १४७६ सीसीचं साइड-व्हॉल्व्हच होतं, त्यामुळे पुढचं बरंचसं तिथेही लागू पडेल.

विलिसचं हे इंजिन २१९९ सीसीचं, चार सिलिंडरांचं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, सव्वातीन इंचांना जरा कमी, ३.१२५ इंच. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, मात्र ४.३७५ इंच, म्हणजे १११ मिलिमीटर. मूळ इंजिन विलिसच्या स्वस्त मोटारींसाठी होतं आणि जेमतेम ४८ अश्वशक्ती द्यायचं. बार्नी रूस नावाच्या इंजिनिअरने त्याच्यावर काम करून ते ६० पर्यंत नेलं आणि तेच युद्धातल्या जीपमध्ये गेलं. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर जाताना मिश्रण किती पट दाबलं जातं, ६.४८ ला १. आजच्या मोटारीच्या निम्म्याला थोडं वर. इतकं मवाळ इंजिन लाखभर किलोमीटर सहज जायला हवं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

वहीतला पेट्रोलचा हिशोब

पहिली अडचण अशी की जीप किती चालली हे कुणालाच माहीत नव्हतं. स्पीडोमीटरची केबल मी शाळेत असताना तुटली, ती तशीच आहे. पण मामांची एक सवय कामी आली. १९९६ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचं पूर्ण काम झालं, तेव्हापासून जीपमध्ये गेलेलं प्रत्येक लिटर पेट्रोल त्यांनी वहीत मांडलं आहे. रक्कम, तारीख, लिटर. वहीच्या पुठ्ठ्यात त्या कामाची चिठ्ठीही जपलेली: "बोअर २० ओव्हर, क्रँक १० अंडर." म्हणजे सिलिंडर मूळ मापापेक्षा २० थाऊ मोठे करून त्या मापाचे पिस्टन टाकले आणि क्रँक १० थाऊ घासली. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटर आले तरी बोअरच्या मशिनवर अजून थाऊच चालतात.)

बेरीज केली. १९९६ ते २००९ मध्ये सुमारे ४,३०० लिटर, त्यानंतर आजपर्यंत जेमतेम ८००. लिटरला साडेसात किलोमीटर धरले तर एकूण ३८,००० किलोमीटर. आकडा बघून गॅरेजवाला हसला असता. आजची मोटार ३८,००० वर तिसऱ्या-चौथ्या सर्व्हिसिंगला येते.

पण किलोमीटर हे माप इंजिनाचं नाही, चाकाचं आहे. या जीपचा मागचा डिफरन्शिअल ४.८८ चा, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ४.८८ फेरे. सहाशे-सोळाचे टायर एका किलोमीटरला साधारण ४५५ फेरे घेतात, म्हणजे टॉप गिअरमध्येसुद्धा एका किलोमीटरला इंजिनाचे सुमारे २,२०० फेरे. ओव्हरड्राइव्ह नाही, पाचवा गिअर नाही, एकूण गिअरच तीन. आजच्या मध्यम मोटारीला टॉपमध्ये किलोमीटरमागे १,५०० च्या आसपास फेरे पुरतात. त्यात स्ट्रोकचा फरक मिळवा. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली जातो, म्हणजे जीपमध्ये २२२ मिलिमीटर. किलोमीटरमागे ४८८ मीटर. जीप रस्त्यावर एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा तिचा प्रत्येक पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर जवळजवळ अर्धा किलोमीटर घासत गेलेला असतो. ८० मिलिमीटर स्ट्रोकच्या आजच्या मोटारीत हाच आकडा २४० मीटर.

थोडक्यात, घासण्याच्या हिशोबाने मामांच्या जीपचे ३८,००० म्हणजे आजच्या मोटारीचे ७७,०००. आणि हा हिशोब सगळं टॉप गिअरमध्ये चाललं असं धरून. उसाची ट्रॉली लो गिअरमध्ये ओढताना लिटरला साडेसात कुठले पडणार? तिथे किलोमीटर कमी आणि फेरे कितीतरी जास्त. एवढं कळल्यावर "चाळीस हजारात इंजिन संपलं" हे वाक्य तितकं हास्यास्पद राहिलं नाही.

जुन्या काळी ही इंजिनं वापरणाऱ्यांचा अंदाजही याच्याशी जुळतो. (आमचे ३८,००० किलोमीटर म्हणजे जेमतेम चोवीस हजार मैल.) त्यांच्या ढोबळ हिशोबात पंधरा-वीस हजार मैलांवर हेड काढून कार्बन खरवडायचा आणि व्हॉल्व्ह घासायचे, चाळीस-पन्नास हजारांवर पिस्टनच्या रिंगा बदलायच्या, साठ-सत्तरच्या पुढे सिलिंडर नव्याने बोअर करायचे. धूळ जास्त असेल तर सगळं अलीकडे. म्हणजे "इंजिन किती चालतं" याची तीन वेगवेगळी उत्तरं होती, आणि पहिल्या उत्तराला त्या काळी कुणी रिबिल्ड म्हणत नसे. ते घरच्या घरी, रविवारी उरकायचं काम होतं. आता ती सवयच गेल्यामुळे तिन्ही उत्तरांचं मिळून एकच झालं आहे: फुल इंजिन.

न उघडता जेवढं कळलं

उद्यमनगरात १९९६ चं काम करणारे मिस्त्री आता सत्तरीपुढचे. दुकान मुलगा बघतो, ते दुपारी येऊन बसतात. त्यांनी जीप सुरू करायला लावली, पाच मिनिटं नुसतं ऐकलं आणि मामांना विचारलं, "आण्णा, हिचा आवाज कवापासनं बंद झाला?"

मामांना प्रश्नच कळला नाही. आमच्या घरी तर हे कौतुकाने सांगायचे, की एवढी जुनी जीप पण इंजिन कसं शिवणयंत्रासारखं शांत चालतं. मी स्वतः चारचौघांत सांगितलं आहे.

मिस्त्री म्हणाले, "टॅपेट वाजतोय तवर बरं असतंय. गप्प झाला की बघायचं."

इथे थांबून सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण या वाक्याभोवती फिरतं. कॅमवर बसून व्हॉल्व्हला वर ढकलणारा तुकडा म्हणजे टॅपेट. तो आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये इंजिन थंड असताना १४ थाऊची फट ठेवलेली असते. इंजिन तापलं की दांडी लांबते आणि ती फट खाते. काही फट उरली तरच व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण बसतो. हीच फट टकटक वाजते. वरच्या व्हॉल्व्हच्या इंजिनात रॉकर, पुशरॉड झिजतात तशी फट वाढत जाते आणि आवाज वाढून आपण होऊन तक्रार करतो. साइड-व्हॉल्व्हमध्ये मध्ये फारसं काही नसतंच. तिथे व्हॉल्व्ह सीटवर आपटून आपटून हळूहळू खाली रुततो, दांडी टॅपेटच्या जवळ येते, फट कमी होते आणि इंजिन शांत होत जातं. एक दिवस फट शून्यावर येते. मग तापलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह केसभर उघडाच राहतो. धुराच्या व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जाण्याचा मोठा रस्ता म्हणजे त्याची सीट. तीच सुटली की तो तापत राहतो, कडेने गरम वायू निसटतो आणि कड जळते.

ही फट बघायची तर मॅनिफोल्डच्या मागचं झाकण काढून दोन पातळ पान्हे आत घालावे लागतात, बोटं भाजतात. म्हणून कुणी बघत नाही. वहीत २००३ नंतर टॅपेटचा उल्लेख नाही.

शिवाय १९९६ च्या कामानंतर चारच वर्षांत, २००० साली, देशभर पेट्रोलमधलं शिसं बंद झालं. शिशाचा पातळ थर सीट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये उशीसारखा काम करायचा. या इंजिनाला धुराच्या बाजूला कडक धातूच्या वेगळ्या बसवलेल्या सीट असतात, त्यामुळे लगेच काही बिघडत नाही, पण रुतण्याचा वेग वाढला असणार असं मिस्त्रींचं मत. मलाही ते पटतं.

मग कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कार्ब्युरेटरचा थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली. आकडे चौरस इंचाला पौंडात: पहिला ९२, दुसरा ८८, तिसरा ६०, चौथा ८६. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे पाच-सहा टक्के कमी येणारच. ते धरलं तर पहिला आणि दुसरा वाईट नाहीत.

नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा. तेलाने रिंगांची गळती तात्पुरती बुजते, व्हॉल्व्हची नाही, म्हणून आकडा चढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. साइड-व्हॉल्व्हमध्ये एक फसगत आहे आणि मी तीत सापडलो. बऱ्याच साइड-व्हॉल्व्ह इंजिनांत प्लगचं भोक व्हॉल्व्हच्या बाजूला असतं. सरळ तेल ओतलं तर ते पिस्टनवर न पडता व्हॉल्व्हवरच पडतं आणि जळका व्हॉल्व्हसुद्धा क्षणभर चांगला वाटतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात तिसऱ्याचा आकडा ८२ आला आणि मी रिंगा संपल्याचं जाहीर करून टाकलं. मिस्त्रींच्या मुलाने ऑइलकॅनची नळी वाकवून तेल पिस्टनच्या बाजूला मारलं, दोन फेरे फिरवले आणि परत घेतलं: १०४, १०१, ६४, ९८. तिसरा फारसा हलला नाही. बाकीचे बारा-तेरा पौंडांनी चढले.

खात्रीसाठी टायरची हवा भरायचा कॉम्प्रेसर लावला. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडली. सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेला तर केटलीसारखी शीळ. तेल भरायच्या नळीतूनही फुसफुस होती, पण तेवढी प्रत्येक सिलिंडरला होती.

ऑइल प्रेशर गरम असताना आयडलला १२ पौंड, चालताना ३२. बेअरिंगांना तूर्त हात लावायचं कारण नव्हतं. तेल मात्र चारशे किलोमीटरला लिटर खात होतं.

हेड उघडल्यावर

या इंजिनाचं हेड काढणं ही सुखाची गोष्ट आहे. वायर, पाण्याचा पाइप, नट, संपलं. रॉकर नाही, चेन सोडायची नाही. दीड तासात चार पिस्टन आणि आठ व्हॉल्व्ह ताटात वाढल्यासारखे समोर.

तिसऱ्याच्या धुराच्या व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा तुकडा उडालेला. बाकी तिघांच्या फटी मोजल्या: ५, ४ आणि ६ थाऊ. १४ हव्या होत्या. म्हणजे तेही त्याच रांगेत उभे होते.

व्हॉल्व्ह काढण्यापूर्वी मिस्त्रींच्या मुलाने व्हॉल्व्हच्या खोलीतली तळाची भोकं चिंध्यांनी बुजवली. त्या भोकांतून तेल खाली क्रँककेसमध्ये परत जातं, आणि स्प्रिंगचे ते इवलेसे कॉटरही त्याच वाटेने जातात. एक कॉटर गेला की ऑइलपॅन काढा. यूट्यूबवर बघून काम करणाऱ्यांनी बाकी काही विसरलं तरी चिंध्या विसरू नयेत.

मग बोअरगेज. सिलिंडर वरच्या टोकाला जास्त झिजतो, कारण वरची रिंग तिथे थांबून उलटी फिरते, दाब आणि उष्णता तिथेच जास्त आणि तेल सगळ्यांत कमी. वर आणि खाली मोजलेल्या मापांतला फरक, म्हणजे टेपर, असा निघाला: पहिला ६ थाऊ, दुसरा ६, तिसरा ७, चौथा ११. दहाच्या आत असेल तर अजून चालवता येतं, हा मिस्त्री लोकांचा जुना ठोकताळा. तीन आत, एक बाहेर.

चौथाच का? हे मला सगळ्यांत रंजक वाटलं. हेड काढल्यावर ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांतून तार घातली. पुढच्या तिघांभोवती ती खोल गेली. चौथ्यामागे दोन बोटं जाऊन थांबली. गंज आणि क्षार यांचा गाळ, सिमेंटसारखा. तीस वर्षं विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये जात होतं, आणि पंपापासून सगळ्यांत लांब असलेल्या सिलिंडरपाशी सगळं बसलं. साइड-व्हॉल्व्हमध्ये हे जास्त बोचतं, कारण धुराचा रस्ता हेडमधून न जाता ब्लॉकमधूनच जातो आणि सगळी उष्णता त्याच लोखंडात उतरते. एका बाजूला पाणी नाही, दुसऱ्या बाजूला धुराची भट्टी. सिलिंडर एकसारखा गोल राहणं अवघडच.

गंमत अशी की त्याच इंजिनाचा पुढचा भाग नको इतका थंड चालत होता. "उन्हाळ्यात तापते" म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन नीट तापेपर्यंत पाण्याची वाट अडवणारी झडप, काढून टाकला होता. तापण्याचं कारण मागचा गाळ, आणि उपाय झाला पुढच्या सिलिंडरांवर. २००९ नंतर जीप फक्त घर ते मळा अशी तीन किलोमीटर चालत आली आहे. एवढ्यात थर्मोस्टॅट असतानाही ती नीट तापली नसती. थंड भिंतीवर जळणातलं पाणी आणि आम्लं जमतात आणि लोखंड घासण्याऐवजी गंजून झिजतं. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवून झालं आहे. म्हणजे वहीतले शेवटचे ८०० लिटर आधीच्या ८०० लिटरांपेक्षा इंजिनाला महाग पडले असणार.

शेवटचा दोष हवेच्या फिल्टरचा. ऑइल-बाथ (धूळ तेलात अडकवणारा) फिल्टर मूळचा, पण त्याच्यापासून कार्ब्युरेटरपर्यंतची रबरी नळी खालून फाटलेली. तेल घालून चकचकीत ठेवलेला फिल्टर आणि त्याला वळसा घालून आत जाणारी उसाच्या रस्त्याची धूळ.

काय करायचं

गॅरेजवाल्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चौथा सिलिंडर ११ थाऊवर आहे, तेल जातं आहे, पुस्तकाप्रमाणे बोअर करायला हरकत नाही. त्याने मोजलं मात्र नव्हतं.

माझा विचार असा होता की हेड उघडलंच आहे तर नव्या रिंगा टाकाव्यात, पिस्टन खालून सोडवून वरून काढून. मिस्त्रींनी तो मोडून काढला. झिजलेल्या सिलिंडरच्या अगदी वर, जिथपर्यंत रिंग पोचत नाही तिथे, न झिजलेल्या लोखंडाची कड उरते. नवी कोरी रिंग त्या कडेला आपटून तुटते. म्हणून आधी कड कापावी लागते. ती कापली तरी ११ थाऊच्या टेपरमध्ये रिंग प्रत्येक फेऱ्यात उघडझाप करत राहणार आणि वर्षभरात जुनी होणार. "उघडलं तर सगळं, न्हाईतर वरचंच. मधलं काम करायचं न्हाई."

मग सगळंच का नको? यावर त्यांनी जो हिशोब मांडला तो मला कुठल्या पुस्तकात सापडला नसता. सिलिंडर आत्ता २० ओव्हर आहेत. चौथा ११ झिजला, म्हणजे ३१. आज बोअर केला तर ३० मध्ये तो साफ होणार नाही, ४० वर जावं लागेल. ४० नंतर या ब्लॉकमध्ये जास्त वाढवणं त्यांना मान्य नाही, मग सिलिंडरमध्ये नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवायची. "आज काम काढलं तरी चाळीस, चार-पाच वर्षांनी काढलं तरी चाळीस. त्यो चौथा आणखी पाच थाऊ झिजू दे, माप बदलत न्हाई. मग आजच कशाला कापायचं?"

लोखंड हे बँकेतल्या ठेवीसारखं मोजायचं असतं हे तोवर माझ्या डोक्यात नव्हतं. मी उरलेले किलोमीटर मोजत होतो, ते उरलेले थाऊ मोजत होते. चौथा इतरांसारखा सहा-सातवरच असता तर उत्तर उलटं आलं असतं. ३० मध्ये बसवायला घाई करणं शहाणपणाचं ठरलं असतं.

असं ठरलं: धुराचे चारही व्हॉल्व्ह नवे, आठही गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) नवे, सीट कापून व्हॉल्व्ह घासायचे, फट १४ ला लावायची. ब्लॉकची मागची प्लेट-प्लग काढून गाळ खरवडायचा, रेडिएटर धुवायचा, थर्मोस्टॅट परत बसवायचा, विहिरीचं पाणी बंद. फिल्टरची नळी नवी. कार्ब्युरेटरचा मुख्य जेट किंचित मोठा, कारण आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. वीस टक्के इथेनॉल असेल तर जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, आणि पातळ मिश्रण धुराच्या व्हॉल्व्हला मानवत नाही. मामांचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथेही डिस्टिलरी आहे, त्यामुळे मामा याला "आपलाच ऊस आपल्याच जीपला पाजायचा" म्हणतात.

एकूण खर्च ३१,००० रुपये. त्यातला जवळपास तिसरा भाग गाळ काढण्याच्या मजुरीचा.

पुढचे सव्वा वर्ष

मे २०२४ मध्ये जीप बाहेर आली. पाचशे किलोमीटर चालवून कॉम्प्रेशन घेतलं: ९८, ९४, ९५, ९०. पन्हाळ्याचा घाट पुन्हा दुसऱ्यात. तेल साडेसहाशे किलोमीटरला लिटर. हे सुधारलं कशाने, यावर मिस्त्रींचं आणि माझं अजून एकमत नाही. मी श्रेय गाइडना देतो. हवेच्या व्हॉल्व्हचे गाइड झिजले की व्हॉल्व्हच्या खोलीतलं तेल आत ओढलं जातं. मिस्त्री श्रेय थर्मोस्टॅटला देतात.

एक भीती जुन्या लोकांत असते, आणि ती निराधार नाही: वरचं काम केलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि दमलेल्या रिंगा आणखी दम टाकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये, कामानंतर २,६०० किलोमीटरांवर, पुन्हा मोजलं. ९६, ९२, ९४, ८४. तिघे जागेवर आहेत, चौथा सहा पौंड उतरला. तेल सहाशेला लिटर. या वेगाने चौथा सत्तरवर यायला अजून काही हजार किलोमीटर आहेत. जीप आता वर्षाला दोन हजारांच्या आसपास चालते. मी अडीच ते तीन वर्षं धरतो, मिस्त्री पाच म्हणतात.

४० ओव्हरचा पिस्टन सेट मात्र मी आत्ताच घेऊन ठेवला. मिळतो तोवर घ्यावा असा सल्ला सगळ्यांनीच दिला. तेल लावलेल्या कागदात गुंडाळून तो मामांच्या कपाटात, पेट्रोलच्या वहीशेजारी आहे. वहीत आता दोन रकाने वाढलेत: तेल आणि टॅपेट. दर सहा महिन्यांनी फट मोजायची. आतापर्यंत दोनदा मोजली, दोन्ही वेळा तिसऱ्याची १३ निघाली, बाकी १४.

गेल्या महिन्यात शेजारचे एक जण मामांना म्हणाले, "अण्णा, काम केल्यापासनं जीप लई टकटक करतीया. करणाऱ्यानं नीट केलं न्हाई वाटतं. आमच्याकडं एक पोरगा हाय, टॅपेट आवळून आवाज घालवून देतो." मामांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, त्या पोराला जीपच्या आसपास फिरकू देऊ नका.